वैद्याचे लेखन : स्वतःच्या अंगणात की परक्या बाजारात?



२०२० सालच्या वैशाखातील गोष्ट आहे. टाळेबंदीचे दिवस होते. पन्नाशीचे एक गृहस्थ चिकित्सालयात आले. रक्तार्शाचा त्रास जुना, पण दोन वर्षे पथ्यपालनाने आटोक्यात आलेला. त्या दिवशी मात्र डोळ्यांच्या पापण्या आतून पांढुरक्या दिसत होत्या व चार पावले चालताच धाप लागत होती. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन सातच्या आसपास निघाले. प्रश्नपरीक्षेत समजले, की तीन आठवडे ते दिवसातून चार वेळा सुंठ, मिरी व दालचिनीचा काढा घेत होते, तोही ऐन ग्रीष्मात. हे कोणी सांगितले, असे विचारताच त्यांनी भ्रमणध्वनी आमच्यासमोर धरला.

"डॉक्टरसाहेब, तुम्हीच तर लिहिलंय. खाली तुमचं नाव आहे की!"

नाव आमचेच होते. आयुष मंत्रालयाने मार्च २०२० अखेर दिलेल्या सूचनांत तुळस, दालचिनी, मिरी, सुंठ व मनुका यांचा काढा दिवसातून एक वा दोन वेळा घेण्याचा उल्लेख होता. त्यावर आधारित टिपण आम्ही आमच्या रुग्णांसाठी लिहून एका संदेश-सेवेवरून पाठविले होते. पित्तप्रकृती, अम्लपित्त, रक्तार्श व गर्भिणी यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये, उष्मा वाढल्यास थांबवावे, ही सूचना टिपणाच्या शेवटी होती. पुढे पाठविता पाठविता कोणीतरी नेमका तोच भाग गाळला, 'एक वेळ'चे 'चार वेळा' केले आणि आमचे नाव मात्र श्रद्धेने तसेच ठेवले.

त्या गृहस्थांना रुग्णालयात पाठवावे लागले व ते बरे झाले. परंतु आमच्या मनात एक प्रश्न राहून गेला. लेखनात बिघाड झाला होता हे आम्हांस कळले, तरी तो दुरुस्त करावयास आमच्याजवळ जागाच नव्हती. सुधारित टिपण पाठविले असते तर ते पहिल्याच्या मागे धावत राहिले असते, त्यास गाठू शकले नसते. आरोग्यविषयक लेखन कोठे करावे, हा केवळ सोयीचा प्रश्न नसून रुग्णाच्या हिताहिताचा प्रश्न आहे, हे त्या दिवशी उमगले. प्रस्तुत लेखात त्याचाच विचार करावयाचा आहे.

प्रतिसंस्काराचे तत्त्व

आपल्या शास्त्राला हा प्रश्न नवा नाही. अग्निवेशाने तंत्र रचले, चरकाने त्याचा प्रतिसंस्कार केला आणि पुढे दृढबलाने उणा राहिलेला भाग पूर्ण केला. चरकसंहितेच्या १२० अध्यायांपैकी चिकित्सास्थानातील १७ आणि कल्प व सिद्धी या स्थानांतील प्रत्येकी १२, असे ४१ अध्याय दृढबलाने पुरे केले आणि ही गोष्ट ग्रंथातच नोंदली आहे. मूळ कोणाचे, संस्कार कोणाचा, भर कोणाची, हे वाचणाऱ्यास कळते. ग्रंथ बदलतो, परंतु बदल लपत नाही.

वैद्याच्या आजच्या लेखनासही हीच तीन लक्षणे हवीत. लेखक निश्चित असावा, लेखन संपूर्ण व एका ठिकाणी असावे आणि पुढे काही नवे कळल्यास ते तेथेच, तारखेसह दुरुस्त करता यावे. ही लक्षणे ज्या माध्यमात टिकतात ते माध्यम वैद्यास पथ्यकर, टिकत नाहीत ते अपथ्यकर, अशी साधी कसोटी आम्ही लावतो.

व्यापारी माध्यमांची प्रकृती

फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप, यूट्यूब ही नावे आता घराघरांत आहेत. ती वापरण्यास पैसे पडत नाहीत, म्हणून ती आपल्यासाठी चालविली जातात असा समज होतो. वस्तुतः फेसबुक व इन्स्टाग्राम चालविणाऱ्या कंपनीचे जवळजवळ सर्व उत्पन्न जाहिरातींतून येते. वाचक पडद्यासमोर जितका अधिक वेळ राहील तितक्या अधिक जाहिराती त्याच्या दृष्टीस पडतात. त्यामुळे कोणाचे लेखन कोणासमोर व कोणत्या क्रमाने यावे, हे संगणकाची गणिती योजना ठरविते. ते लेखन खरे आहे की नाही, यापेक्षा वाचक त्यावर थांबतो की नाही, यास तेथे अधिक मोल असते. फेसबुकवर पसंतीची खूण २००९ साली आली. तेव्हापासून किती जणांना आवडले, हा आकडा लेखनाच्या मापाचा गज झाला आहे.

याचा वैद्याच्या लेखणीवर होणारा परिणाम आम्ही स्वतः अनुभवला आहे. 'अमुक प्रकृतीत, अमुक ऋतूत, अग्निबल पाहून' असे लिहिलेल्या वाक्यास फारसे कोणी विचारीत नाही. 'हे एक चूर्ण घ्या आणि गुडघेदुखी विसरा' यास शेकडो पसंत्या मिळतात. दोन-चार वेळा असे झाले, की हात आपोआप दुसऱ्या प्रकारचे वाक्य लिहू लागतो. देश, काल, बल, प्रकृती, सात्म्य यांचा विचार हा आयुर्वेदाचा प्राण आहे आणि नेमका तोच या माध्यमांत गळून पडतो.

वादचर्चेचेही तेच. विमानस्थानात तद्विद्यसंभाषेचे दोन प्रकार सांगितले आहेत, संधाय संभाषा व विगृह्य संभाषा. पहिली स्नेहभावाने, ज्ञानवृद्धीसाठी, दुसरी जिंकण्यासाठी. जेथे शेकडो प्रेक्षक भोवती जमले आहेत व त्यांच्या टाळ्यांवर यश मोजले जाते, तेथे विगृह्य संभाषाच फोफावते. आयुर्वेद आणि आधुनिक वैद्यक यांच्यात महाजालावर चालणारी भांडणे आपण पाहतोच. त्यातून कोणाचे ज्ञान वाढल्याचे आमच्या पाहण्यात नाही.

पुढे पाठविण्याची सोय हा आणखी एक दोष. व्हॉट्सॲपने २०१८ साली भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठविता येईल अशी मर्यादा घातली आणि एप्रिल २०२० मध्ये वारंवार फिरलेल्या संदेशांसाठी ती एका ठिकाणावर आणली. रोगाचे स्वरूप त्या कंपनीसही कळले होते, असाच याचा अर्थ. परंतु मर्यादेने वेग कमी होतो, तुटलेले वाक्य जोडले जात नाही.

माध्यमांचे आयुष्य

दुसरा विचार टिकाऊपणाचा. जिओसिटीज या सेवेवर असंख्य लोकांनी आपापली पाने थाटली होती. ऑक्टोबर २००९ मध्ये ती बंद झाली. भारतात अत्यंत लोकप्रिय झालेले ऑर्कुट २००४ साली सुरू झाले आणि ३० सप्टेंबर २०१४ रोजी संपले. गूगल प्लस सामान्य वापरकर्त्यांसाठी एप्रिल २०१९ मध्ये बंद झाले. भारतीय भाषांसाठी म्हणून निघालेले कू हे माध्यम जुलै २०२४ मध्ये थांबले. यात कोणाची दुष्टबुद्धी आहे असे नव्हे. दुकान चालेनासे झाले की दुकानदार फळ्या लावतो. परंतु आपण आपल्या वह्या त्याच्या फळीवर ठेवल्या असतील, तर त्यांचे काय?

माध्यम चालू असतानाही लेखन जाऊ शकते. आम्ही २०१३ पासून एका व्यापारी माध्यमावर ऋतुचर्येविषयी टिपणे लिहीत होतो. २०१९ साली जलौकावचरणाची माहिती देताना एका पायाचे छायाचित्र जोडले. जळू व रक्त पाहून कोणी तक्रार केली असावी. दुसऱ्या दिवशी आमचे खाते बंद झाल्याचा ठरीव मजकुराचा संदेश आला. विनंतीची तीन पत्रे पाठविली, तीनही वेळा तेच ठरीव उत्तर आले. बोलावयास माणूस कोणीच नव्हता. सहा वर्षांची टिपणे गेली. प्रत ठेवली नव्हती, हा दोष आमचाच.

येथे भेलसंहितेची आठवण होते. आत्रेयांचे सहा शिष्य : अग्निवेश, भेल, जतूकर्ण, पराशर, हारीत व क्षारपाणि. सहाही जणांनी तंत्रे रचल्याचे आपण पहिल्याच वर्षी शिकतो. परंतु जतूकर्ण, पराशर, क्षारपाणि यांची तंत्रे आज टीकाग्रंथांतील उद्धरणांपुरती उरली आहेत. भेलसंहिता आपल्या हाती आली, ती मुख्यतः तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयातील एका खंडित पोथीमुळे. मराठी राजे सरफोजी यांनी ज्या संग्रहाची इतकी निगा राखली, तेथे ती पोथी नसती तर भेलही नावापुरता उरला असता. एकच प्रत असणे म्हणजे नष्ट होण्याच्या वाटेवर असणे, हा या इतिहासाचा धडा आहे.

अनुदिनी म्हणजे काय?

यावर उपाय म्हणून आम्ही २०२० च्या वर्षाकालात स्वतःची अनुदिनी सुरू केली. इंग्रजीत जिला ब्लॉग म्हणतात, ती ही. दिनांकवार लिहिलेल्या नोंदींचे वैयक्तिक संकेतस्थळ, इतकाच तिचा अर्थ. 'वेबलॉग' हा शब्द १९९७ साली घडविला गेला. १९९९ साली ब्लॉगर ही सेवा निघाली व २००३ साली वर्डप्रेस ही संगणकप्रणाली आली. ती मुक्त असून कोणासही विनामूल्य वापरता येते.

मात्र अनुदिनी सुरू केली म्हणजे जागा आपली झाली, असे नव्हे. सेवा दुसऱ्याची व पत्ताही दुसऱ्याचा, अशी विनामूल्य अनुदिनी भाड्याच्या खोलीसारखी असते. आपले म्हणावयाचे तर तीन गोष्टी हाती हव्यात.

पहिली गोष्ट नाव. संकेतस्थळाचे नाव आपण नोंदवून दरवर्षी नूतनीकरण करावयाचे असते. २०१४ पासून 'भारत' हा शेवट असलेली देवनागरी नावेही मिळतात. नाव आपले असले की लेखन आज एका ठिकाणी, उद्या दुसऱ्या ठिकाणी ठेवले तरी वाचकाचा पत्ता बदलत नाही. दवाखाना गल्ली बदलतो, पण पाटी तीच राहते, तसे हे आहे.

दुसरी गोष्ट मजकूर. सर्व लेखन एका धारिकेत उतरवून घेण्याची सोय वर्डप्रेस व ब्लॉगर दोहोंत आहे. आम्ही दर तिमाहीस, या त्रैमासिकाचा अंक हाती आला की, ती उतरवून घेतो. एक प्रत संगणकात, एक पेन ड्राइव्हमध्ये आणि महत्त्वाच्या लेखांची छापील प्रत कपाटात.

तिसरी गोष्ट वाचकाशी थेट नाते. आरएसएस ही १९९९ पासूनची सोय आहे. वाचकाने एकदा नोंद केली की नवा लेख त्याच्या वाचनसूचीत आपोआप येतो. मध्ये कोणी निवड करीत नाही, क्रम लावीत नाही. ज्यांना हे अवघड वाटते त्यांना ईमेलने लेख पाठविता येतो.

खर्च फार नाही. नाव व जागा मिळून वर्षाचा खर्च काही हजार रुपयांच्या आत राहतो. चिकित्सालयाच्या पाटीची रंगरंगोटीही यापेक्षा महाग पडते.

लेखनाचे पथ्यापथ्य

जागा आपली झाली म्हणून लेखन आपोआप निर्दोष होत नाही. पाच वर्षांच्या अनुभवातून आम्ही स्वतःसाठी काही नियम ठरविले आहेत.

१. प्रत्येक लेखावर लिहिल्याची तारीख असावी व बदल केल्यास त्याची तारीख व कारण शिरोभागी लिहावे. जुने वाक्य गुपचूप पुसू नये. उदाहरणार्थ, २०२० साली आम्ही गुळवेलीविषयी लिहिले होते. २०२१ मध्ये मुंबईतील वैद्यकतज्ज्ञांनी गुळवेल सेवनानंतर यकृतविकार झालेल्या काही रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला व तत्सदृश दिसणाऱ्या दुसऱ्या जातीशी होणाऱ्या गोंधळाकडे लक्ष वेधले. दोन्ही बाजू आम्ही त्याच लेखात तारखेसह जोडल्या. आणि स्वतः वेल ओळखून तोडू नये, यकृताची तक्रार असल्यास वैद्याच्या देखरेखीशिवाय घेऊ नये, अशी सूचना वर आणून ठेवली. जुना दुवा जपून ठेवलेल्या वाचकासही आता तीच सूचना प्रथम दिसते. प्रतिसंस्कार म्हणतात तो हाच.

२. निषेध आधी, विधी नंतर. कोणी घेऊ नये हे पहिल्या परिच्छेदात यावे. काढ्याच्या प्रसंगाने शिकविलेला हा धडा आहे. कात्री बहुधा शेवटावरच चालते.

३. विषद्रव्ये, रसकल्प व शोधनकर्मे यांची मात्रा सर्वसामान्य वाचकांसाठी लिहू नये. ती चर्चा व्यावसायिकांच्या नियतकालिकात शोभते.

४. रुग्णाची ओळख पटेल असे काहीही लिहू नये. नाव गाळले तरी गाव, व्यवसाय व व्याधी एकत्र आले की लहान तालुक्यात माणूस ओळखू येतो. छायाचित्रास लेखी अनुमती घ्यावी. वर लिहिलेला प्रसंगही त्या गृहस्थांच्या अनुमतीनेच दिला आहे.

५. लेख आणि जाहिरात यांतील रेषा ओलांडू नये. औषधी द्रव्ये व जादूटोणा उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम, १९५४ अन्वये मधुमेह, कर्करोग, अपस्मार इत्यादी व्याधी बरे करण्याच्या दाव्याने औषधाची जाहिरात करणे हा अपराध आहे. जागा स्वतःची असली तरी कायदा तोच आहे.

६. मजकूर युनिकोडमध्येच असावा. आपल्यापैकी अनेकांचे जुने लेख श्रीलिपीसारख्या टंकांत पडून आहेत. तो टंक नसलेल्या संगणकावर त्यातील अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात आणि महाजालावर शोधूनही लेख सापडत नाही. ते लेख एकदा रूपांतरित करून घ्यावेत.

काही आक्षेप

या विषयावर सहव्यवसायींशी बोलताना दोन आक्षेप हमखास येतात.

पहिला असा, की अनुदिनी वाचतो कोण? रुग्ण तर भ्रमणध्वनीवरील संदेशच पाहतात. हे खरे आहे. व्यापारी माध्यमावर आमच्या टिपणास शेकडो पसंत्या मिळत. अनुदिनीवर आरंभी दिवसाला दहा वाचक आले तरी आनंद होई. परंतु माध्यमांतील गर्दी तरी आपली कोठे असते? जानेवारी २०१८ मध्ये फेसबुकने मित्र व कुटुंबीय यांच्या नोंदींना अग्रक्रम देण्याचे जाहीर केले आणि ज्यांनी वर्षानुवर्षे वाचक जमविले होते अशा पृष्ठांचा मजकूर एकाएकी कमी लोकांपर्यंत पोहोचू लागला. म्हणून आम्ही मध्यम मार्ग धरला आहे. लेख अनुदिनीवर लिहावा आणि संदेश-सेवेवर केवळ दोन ओळींची ओळख व दुवा पाठवावा. निरोप चौकात द्यावा, पण वस्तू घरात ठेवावी. दुवा कितीही हातांतून फिरला तरी तो वाचकास मूळ, पूर्ण व दुरुस्त लेखाकडेच आणतो. मजकूर उतरवून घेऊन कापणारे आजही आहेतच. तेव्हा निदान 'मूळ लेख येथे पाहा' असे सांगावयास जागा असते.

दुसरा आक्षेप वेळेचा. सकाळ-संध्याकाळ रुग्ण, मधे औषधनिर्मिती, लिहावे केव्हा? आम्ही महिन्याला एकच लेख लिहितो. व्यापारी माध्यम रोज काहीतरी मागते, अनुदिनी मागत नाही. सहा ऋतूंचे सहा लेख व नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे एवढे जरी लिहून झाले, तरी तेच ते चिकित्सालयात पुनःपुन्हा सांगण्याचा वेळ वाचतो.

आपल्या पूर्वसूरींनी यापेक्षा किती कष्टाने हे काम केले! १९०७ साली नाशिक येथे आयुर्वेद महासंमेलनाचा पाया घालणाऱ्या वैद्य शंकर दाजीशास्त्री पदे यांनी स्वतः नियतकालिके चालवून आयुर्वेद मराठी घरांत पोहोचविला. कागद, छपाई, टपाल या साऱ्याचा भार त्यांच्या शिरावर होता. परंतु काय छापावयाचे व चुकल्यास पुढील अंकात काय दुरुस्त करावयाचे, हे ठरविण्याचा अधिकार त्यांचा होता. तो अधिकार आपण पसंतीच्या खुणांच्या मोबदल्यात सोडून द्यावा काय, याचा विचार प्रत्येकाने करावा.

असो. ते गृहस्थ आजही वर्षातून दोनदा येतात. गेल्या पावसाळ्यात आले तेव्हा कोणीतरी पाठविलेला एक नवा काढा त्यांनी दाखविला. या वेळी खाली आमचे नाव नव्हते, तरी ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, घेण्याआधी तुमच्या पानावर बघितलं. तिथं हा नाही, म्हणून विचारायला आलो." अनुदिनीचा याहून अधिक उपयोग आम्हांस अपेक्षित नाही.

सर्व वैद्यांनी आपापली अनुदिनी सुरू करावी, निदान आजवरच्या लेखनाची एक प्रत स्वतःजवळ ठेवावी, ही नम्र विनंती. ज्यांना आरंभ करताना अडचण येईल त्यांच्यासाठी संघटनेच्या पुढील सभेत एक तास राखून ठेवावा, असेही सुचवितो.